सातव्या वर्षाचं जावळ

प्रमोदिनीबाईंना प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असे. भात चिकट झाला तर तांदूळ नवा होता. नात खोकली तर ती हीटरला चिकटून बसते म्हणून. जावई महिन्यातून दोनच शनिवार घरी येतो, तर त्याच्या कंपनीचा ब्रिस्टलचा प्रोजेक्ट अवघड आहे म्हणून. सांगलीच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कारणाशिवाय चैन पडणार कशी? त्यामुळे साउथहॅम्प्टनला लेकीकडे आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी तनिषाच्या डोक्याला तेल चोळताना उजव्या कानाच्या वर सुपारीएवढी उघडी जागा बोटांना लागली, तेव्हा कारण सापडायला तेलाची वाटी संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

आधी त्यांनी केस बाजूला करून नीट पाहिलं. टक्कल म्हणावं तसं गुळगुळीत नव्हतं ते. मधूनमधून आखूड, तुटके खुंट होते. मागच्या बाजूला अशीच आणखी एक जागा तयार होऊ पाहत होती. तनिषा मान खाली घालून मुकाट बसली होती. एरवी तेल लावायला बसवलं की ही पोरगी गिरमिट लावल्यासारखी फिरायची.

"हे कधीपासून गं, तनू?"

"माहीत नाही," तनिषा म्हणाली.

तिला सहा पूर्ण होऊन सातवं लागलं होतं. जानेवारीत सातवा वाढदिवस. आणि तिचं जावळ काढलेलं नव्हतं. हे ते कारण.

यात तशी कुणाचीच चूक नव्हती. तनिषा पंधरा महिन्यांची होणार होती त्या एप्रिलात सगळे सांगलीला यायचे होते. महिना विषम, मामाची रजा मंजूर, न्हाव्याला सांगून ठेवलेलं. तेवढ्यात विमानंच बंद झाली आणि सगळं जग घरात बसलं. तिसऱ्या वर्षी दुसरी लाट आली. पाचव्या वर्षी अक्षयाची परीक्षा आडवी आली. मधल्या काळात अपूर्व, म्हणजे जावई, तनिषाला इथल्या सलूनमध्ये नेऊन आणत होता. तिथे मुलांना डायनासोरचं चित्र असलेला एप्रन घालतात आणि शेंडे कापतात. पण शेंडे कापणं म्हणजे काही जावळ नव्हे. पोटातून आणलेले केस पोरीच्या डोक्यावर तसेच राहिले होते, आणि आता मुळं थकली होती.

त्या दिवशी अक्षया हॉस्पिटलमधून चारला आली. ती भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवून घरी यायची आणि स्वतःला मात्र झोप नाही अशा चेहऱ्याने चहा प्यायची. प्रमोदिनीबाईंनी कप तिच्यापुढे ठेवला आणि विषय काढला.

"मला माहितीये, आई. जीपी डॉक्टरला दाखवून झालंय. अलोपेशिया असावा, म्हणजे चाई, असं तिचं म्हणणं आहे. स्किनवाल्यांकडे रेफर केलंय, जानेवारीची अपॉइंटमेंट आहे."

"जानेवारी? अगं, आत्ता कुठे ऑक्टोबर लागतोय."

"इथे असंच असतं. तू प्लीज काही करू नकोस. तेल लाव, ठीक आहे. कांद्याचा रस वगैरे नको."

कांद्याचा रस प्रमोदिनीबाईंच्या डोक्यात नव्हता, तो आता आला. पण तो त्यांनी बाजूला ठेवला.

"माझं ऐक. सातवं आहे तोवर जावळ काढून टाकू. एकदा मुळापासून स्वच्छ झालं की कसे दाट येतात बघ. तुझं अकराव्या महिन्यात काढलं होतं. आधी तुला होतं काय? नुसती लव होती. आणि नंतर वेणी एका मुठीत मावायची नाही."

"ते आजीचे केस आले मला. बाबांच्या आईचे. आणि बाळाचे केस तसेही बदलतातच, काढले तरी आणि नाही काढले तरी." अक्षयाने कप खाली ठेवला. "वस्तरा फिरवल्यावर केस दाट येत नाहीत, आई. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. मूळ आत असतं, त्याला वरचं काही कळत नाही. तूच शिकवायचीस ना आम्हाला, केस म्हणजे मृत पेशी? वर्गात मला उभं करून विचारलं होतंस."

"ते पुस्तकातलं झालं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

त्यांना यात काही विसंगत वाटत नव्हतं. पुस्तकातलं परीक्षेसाठी असतं आणि घरातलं घरासाठी. बत्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर केसाची आकृती काढली, मूळ, खोड, टोक अशी नावं दिली, आणि घरी येऊन शनिवारी कुणाला केस कापू दिले नाहीत. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदत होतं.

अक्षया जास्त बोलली नाही. ती हल्ली कशावरच जास्त बोलत नसे. कामाचा ताण, असं प्रमोदिनीबाईंनी त्याचंही कारण देऊन टाकलं होतं.

मग त्या रोज सकाळी नातीला शाळेला निघताना पाहू लागल्या. तनिषा हेअरबँड कानांवर ओढून घ्यायची. आरशात एक बाजू बघायची, दुसरी नाही. एकदा शाळेच्या फाटकापाशी वर्गातल्या एका मुलीने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि तनिषाने पटकन हात कानाकडे नेला. प्रमोदिनीबाईंना शब्द कळले नाहीत, हात मात्र कळला. घरी चालत येताना त्या रडल्या. पोरीच्या वाढदिवसाला अख्खा वर्ग येणार होता आणि तिला एमिलीसारखी वेणी घालून हवी होती. एमिली म्हणजे तिची जिवाची मैत्रीण. जानेवारीपर्यंत डोक्यावर काही उरलं नाही तर? मुलीची जात. आणि सातवं संपलं की आठवं, सम. मग काहीच करता येणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेला आठवडाभर सुट्टी लागली आणि अक्षयाला नेमक्या त्याच आठवड्यात ड्युट्या. अपूर्वला ब्रिस्टलहून येता येत नव्हतं. "मी मिहीरकडे घेऊन जाते हिला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. मिहीर त्यांचा धाकटा, ग्लासगोला युनिव्हर्सिटीत रिसर्च करत होता. विमानाने दीड तास. अक्षयाला हायसं वाटलं. तिने तिकिटं काढली, दोघींचे थर्मल भरले आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू आहेस म्हणून निभतंय गं." हे वाक्य प्रमोदिनीबाईंना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

कारण मामा ग्लासगोला होता, आणि जावळ मामाच्या मांडीवर काढतात.

त्यांनी तनिषाला विमानातच विचारलं. जबरदस्ती त्यांना करायची नव्हती, तेवढ्या त्या सरळ होत्या. "तनू, तुला दाट केस हवेत ना? मग एकदा सगळे काढायचे. मामा काढेल. दुखत नाही."

"सगळे? मग मी बाल्ड?"

"थोडे दिवस. मग येतात. काढले की मुळाला जोर येतो. होते त्याच्यापेक्षा जास्त येतात."

"जास्त? शुअर?"

"आजी कधी खोटं सांगते का?"

तनिषा खिडकीबाहेर ढगांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके. सगळा काढा."

मिहीरचं घर दुसऱ्या मजल्यावर, बाहेर आडवा पाऊस. गुरुवारी सकाळी प्रमोदिनीबाईंनी सांगलीहून आणलेलं कुंकू काढलं, ताटात निरांजन लावलं, नारळ मिहीरला आणायला लावला. पाट नव्हता म्हणून खुर्चीवर नवा टॉवेल अंथरला. मिहीरकडे लॉकडाऊनमध्ये घेतलेली केस कापायची मशीन होती, ती त्याने चार्ज करून ठेवली होती. पण हातात घेतल्यावर तो थांबला.

"आई, ताईला विचारलंयस ना?"

"विचारल्याशिवाय आणेन का मी तिला इतक्या लांब?"

मिहीर लहानपणापासून आईच्या प्रश्नाला उत्तर समजायचा. त्याने भाचीला मांडीवर घेतलं, प्रमोदिनीबाईंनी तिला ओवाळलं, आणि मशीन सुरू झाली. काळे भुरभुरीत केस टॉवेलवर पडत गेले. तनिषा हलली नाही, रडली नाही. संपल्यावर तिने दोन्ही हात डोक्यावरून फिरवले, पुन्हा फिरवले, आणि म्हणाली, "आता काहीच नाही." तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की प्रमोदिनीबाईंनी मनात देवाला नमस्कार केला. पोर महिनाभरात पहिल्यांदा अशी हसली होती. आपण केलं ते योग्यच केलं, याचा याहून मोठा दाखला त्यांना नको होता.

साउथहॅम्प्टनच्या विमानतळावर अक्षया घ्यायला आली होती. तनिषाच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. गाडीत बसताना ती तिने स्वतःच काढली आणि "टा-डा" म्हणाली.

अक्षया गुडघ्यांवर बसली, लेकीच्या डोक्यावर ओठ टेकले आणि विचारलं, "थंडी नाही ना वाजत?" मग टोपी परत नीट घातली.  घरी तनिषा टीव्हीसमोर बसल्यावर अक्षया स्वयंपाकघरात आली आणि दार लावून घेतलं.

"तू मला विचारलं नाहीस."

"तू हो म्हणाली नसतीस."

"म्हणून विचारलं नाहीस. आणि मिहीरला सांगितलंस की विचारलंय. मी आत्ता फोन केला होता त्याला."

"अगं, पण त्यात एवढं..."

"आई, माझ्या घरात मला विश्वास ठेवायला कुणीतरी हवं होतं गं," अक्षया म्हणाली आणि बाहेर निघून गेली. हे एवढ्याशा केसांबद्दलचं बोलणं नव्हे असं प्रमोदिनीबाईंना क्षणभर वाटलं. पण दमली आहे, असं म्हणून त्यांनी कुकर लावला.

पुढचे दिवस वाईट गेले. अपूर्वने फोनवर पोरीला पाहिलं आणि तो अक्षयावर ओरडला. "तुझ्या घरात काय चाललंय हे मला असं कळणार का?" फोनवर एवढ्या जोरात की जिन्यात उभ्या असलेल्या सासूला ऐकू यावं. प्रमोदिनीबाईंना वाटलं, खाली जाऊन सांगावं, अहो अपूर्व, दोष माझा आहे. पण पाय उचलला नाही. मग शाळेतून फोन आला. मुलांच्या काळजीचं काम बघणाऱ्या बाईंना भेटायचं होतं. अक्षया अर्धा दिवस काढून गेली आणि फिकट तोंडाने परत आली.

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, कुणी शिक्षा म्हणून केलं का. मी म्हटलं रिलिजस कस्टम आहे. मग विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना."

"मग?"

"ठीक आहे म्हटलं. काय म्हणणार?"

एवढ्याशा गोष्टीची चौकशी बसते म्हणजे काय देश आहे, असं प्रमोदिनीबाई मनात म्हणाल्या. मोठ्याने म्हणण्याची सोय राहिली नव्हती. त्यांचा सगळा मान आता त्या पोरीच्या डोक्यावर काय उगवतं यावर ठेवलेला होता. सकाळी उठल्या की आधी टाळू बघायच्या. दाणे पेरलेल्या कुंडीकडे बघावं तशा.

आणि उगवलं की. तीन आठवड्यांत काळी झाक आली. नोव्हेंबर संपता संपता बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत केस आले, उभे, राठ, हात फिरवला की टोचणारे. कानावरची ती सुपारीएवढी जागा आणि तिच्या मागची दुसरी, दोन्ही भरून निघाल्या. शोधूनही सापडेनात. प्रमोदिनीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तनिषाला खिडकीत बसवून चार बाजूंनी फोटो काढले आणि सांगलीला बहिणीला, सुहासिनीला पाठवले. खाली लिहिलं, 'डॉक्टर लोकांचं सगळंच खरं नसतं.' सुहासिनीने हात जोडलेले सहा इमोजी पाठवले.

त्या संध्याकाळी अक्षयाने दिव्याखाली लेकीचं डोकं बराच वेळ तपासलं. बोटांनी केस उलटसुलट केले, फोनचा टॉर्च लावून पाहिलं.

"काय, आलं की नाही?" प्रमोदिनीबाईंना आवाजातला विजय लपवता आला नाही.

"आलंय. सगळीकडे एकसारखं आलंय." अक्षयाला आनंद व्हायला हवा होता, पण ती टॉर्च बंद करून तशीच बसली. "अलोपेशिया असता तर इतकं एकसारखं आलं नसतं बहुतेक. मुळांना काही झालेलंच नाहीये."

"नव्हताच तो. जावळ राहिलं होतं."

"मग केस गेले कसे होते, आई?"

प्रमोदिनीबाई तोंड उघडणार तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन वाजला आणि अक्षया कोट घेऊन निघाली. प्रश्न तिथेच राहिला. प्रमोदिनीबाईंच्या दृष्टीने त्याचं उत्तर देऊन झालेलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी अपूर्व यायचा होता. अकरा वाजता, म्हणजे इथल्या रस्त्यांवर साडेअकरा. अक्षया वर आंघोळीला गेली होती. तनिषा साडेनऊपासून पुढच्या खिडकीतल्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बंदरात कुठल्यातरी मोठ्या प्रवासी बोटीचा भोंगा झाला आणि थांबला. प्रमोदिनीबाई दूध घेऊन आल्या तेव्हा सूर्य समोरच्या घरांच्या वर जेमतेम आला होता आणि त्याचं तिरकं ऊन नेमकं पोरीच्या तोंडावर पडलं होतं.

तिचा एक डोळा वेगळा दिसत होता. प्रमोदिनीबाईंना आधी समजेचना काय वेगळं ते. डोळा जरा जास्तच उघडा, माशासारखा. त्या जवळ गेल्या. उजव्या डोळ्याला पापणीचा एकही केस नव्हता. वर नाही, खाली नाही. कड लालसर सुजली होती.

त्यांनी कारण शोधलं. साबण, थंडी, नवीन शांपू, कसली ॲलर्जी. एकही बसेना. आणि त्या तिथे उभ्या असतानाच रस्त्यावरून एक गाडी आली, पुढे निघून गेली, आणि तनिषाचा हात आपोआप वर गेला. अंगठा आणि शेजारचं बोट डाव्या डोळ्याच्या कडेला चिमटीसारखं लागलं. पोरीने जरासे डोळे मिटले आणि ओढलं. अगदी सवयीने, रोजचं काम असावं तसं. मग चिमटीतलं काहीतरी तळहातावर ठेवून तिने फुंकर मारली.

प्रमोदिनीबाईंनी दुधाचा कप खाली ठेवला. बत्तीस वर्षांच्या नोकरीने त्यांना एक शिकवलं होतं. मूल काही लपवत असेल तर आधी त्याच्या उंचीला यायचं. त्या सोफ्याशी खाली बसल्या.

"काय केलंस गं, सोन्या?"

तनिषाने तळहात मिटला. "विश मागितला."

"म्हणजे?"

"एमिलीने सांगितला. आयलॅश पडला की हातावर ठेवायचा आणि फू करायचा. मग विश मिळतो." ती पुढे म्हणाली, "माझा पडत नव्हता. म्हणून मी काढला."

"आणि डोक्याचे? ते पण तूच काढत होतीस?"

तनिषाने मिटलेली मूठ मांडीखाली घातली. मग मान हलली. "तेव्हा मला विशचा माहीत नव्हता. तेव्हा असाच. बाबा जातो ना, तेव्हा. आणि ममा बाथरूममध्ये नळ चालू करून रडते, तेव्हा. एक काढला की बरा वाटतो." मग तिला वाटलं असावं की आजीला वाईट वाटलं, कारण ती घाईने म्हणाली, "तू सगळा काढला तेव्हा छान वाटला. काढायला काहीच नव्हता. पण मग परत बाबा गेला."

 नळाचा आवाज प्रमोदिनीबाईंनीही ऐकला होता. रोज ऐकला होता. पाण्याचा एवढा अपव्यय बरा नव्हे, असं त्या म्हणालेल्या होत्या.

"दुखत नाही का गं?"

"थोडा. पण आजी, तूच बोलली ना. काढला की मुळाला जोर येतो आणि होता त्याच्यापेक्षा जास्त येतो. डोक्याचा आला ना जास्त? मग आयलॅशचा पण येणार. मग मला जास्त विश." तिने बिनापापणीचा डोळा आजीकडे वळवला. "अजून आला नाही. कधी येतो?"

असं लाजिरवाणं प्रमोदिनीबाईंना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शाळेत चूक झाली तर त्या फळा पुसून पुन्हा लिहीत आणि मुलांनाही वही खोडायला सांगत. हे पुसता येणार नव्हतं. त्यांनी सांगितलेलं पोरीने तंतोतंत ऐकलं होतं आणि प्रामाणिकपणे करून पाहिलं होतं.

"तनू, मी तुला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "काढून जास्त येत नाहीत. कापून पण नाही. जेवढे होते तेवढेच परत येतात. आणि सारखे उपटले तर तेवढे पण येत नाहीत."

"पण तू शुअर बोलली होती."

"हो. मी शुअर म्हटलं होतं आणि ते खोटं होतं. ममा बरोबर सांगत होती."

तनिषाने याचा विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली, जशी गणित सुटत नसलं की पडायची. "मग मी एवढा विश मागितला, तो सगळा?"

"काय मागत होतीस?"

"सांगितला तर खरा होत नाही."

प्रमोदिनीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. तिला जवळ ओढलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसल्या. बोटं इवलीशी होती आणि गार. इतके दिवस त्या या हातांच्या वर, डोक्याकडेच बघत राहिल्या होत्या.

साडेअकराला गाडी दारात थांबली आणि बेल वाजली. स्वतःच्या घराची बेल. किल्ली विसरले असतील, असं कारण प्रमोदिनीबाईंनी प्रत्येक वेळी दिलं होतं. आज त्यांनी दार उघडलं आणि कुठलंच कारण दिलं नाही. तनिषा बापाच्या कमरेला बिलगली. अक्षया ओल्या केसांनी जिना उतरून शेवटच्या पायरीवर थांबली. नवरा-बायकोने एकमेकांना नुसतं "हाय" म्हटलं, शेजाऱ्यांना म्हणतात तसं.

प्रमोदिनीबाईंनी तनिषाला रंगपेट्या काढून दिल्या आणि दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं.

"बसा, अपूर्व. तूही बस, अक्षू. आधी माझं सांगते." त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "मिहीरला मी खोटं सांगितलं, तुला न विचारता पोरीचं डोकं भादरलं, आणि वर फोटो काढून मिरवले. त्याची माफी मागते. तुमची पण मागते, अपूर्व, ओरडा तिने खाल्ला, तो माझा होता. पण केस गळत नव्हते. ती उपटत होती." आणि मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पोरीच्याच शब्दांत, नळासकट. आपलं 'मुळाला जोर येतो' हे वाक्य त्यांनी गाळलं नाही.

अक्षयाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. "मला शंका आली होती," ती हातांमागून म्हणाली. "त्या दिवशी टॉर्च लावला तेव्हाच आली होती. मी पुढे विचारच केला नाही. मला नको होतं ते."

अपूर्व टेबलाकडे बघत होता. त्याला कोट काढायचंही सुचलं नव्हतं. "आम्ही जानेवारीत सांगणार होतो तिला," तो हळू म्हणाला. "आणि तुम्हाला पण, आई. वाढदिवस होऊन जाऊ दे म्हटलं. तिचा वाढदिवस तरी नीट व्हावा."

बाहेरच्या खोलीतून पेन्सिलींचा डबा सांडल्याचा आवाज आला.  प्रमोदिनीबाईंना विचारायचं पुष्कळ होतं. कधी ठरलं, का ठरलं, मला का नाही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारण विचारलं नाही.

"काय ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "एकत्र राहा, नका राहू. पण तिला आज सांगा, आत्ता. जानेवारीपर्यंत थांबू नका. ती रोज काहीतरी मागत्ये, आणि तिच्याकडे आता एकाच डोळ्याच्या पापण्या उरल्यात."